ओक पार्कच्या लोकसंख्येचा तक्ता कसा वाचावा?

प्रश्न
वाटसरू:

नमस्कार. यजमानांची बदली झाल्यामुळे येत्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून शिकागोला राहायला जाणार आहोत. मुलगी नऊ वर्षांची आहे. यजमानांच्या कार्यालयातल्या बहुतेक भारतीय सहकाऱ्यांनी नेपरव्हिल हे शिकागोचे उपनगर सुचवले, कारण तिथे आपली माणसे पुष्कळ आहेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र शिकागोच्या पश्चिम हद्दीला लागून असलेल्या ओक पार्कचे नाव घेतले आणि तिथे सर्व प्रकारची माणसे शेजारी शेजारी राहतात, एवढेच सांगितले. म्हणून मी जनगणनेचे आकडे काढून वाचायला बसले आणि होते त्याहून अधिक प्रश्न पडले.

२०१० च्या जनगणनेत ५१,८७८ लोकवस्तीच्या या गावात सुमारे ६८ टक्के गोरे, २२ टक्के कृष्णवर्णीय, ५ टक्के आशियाई आणि ७ टक्के हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकेसारख्या स्पॅनिशभाषक प्रदेशांतल्या मूळचे) लोक होते. उरलेले छोटे गट धरण्याआधीच बेरीज शंभराच्या पुढे जाते, ती का? २०२० च्या तक्त्यात लोकसंख्या ५४,५८३ झाली आहे, गोऱ्यांचे प्रमाण बरेच उतरले आहे आणि 'दोन किंवा अधिक वंश' या ओळीतला आकडा एकदम वाढला आहे. दहा वर्षांत गाव खरोखर इतके बदलले का?

याहून मोठा प्रश्न नकाशा पाहताना पडला. गावाच्या पूर्व कडेला ऑस्टिन बुलेव्हार्ड हा रस्ता आहे आणि तो ओलांडला की शिकागोची ऑस्टिन ही वस्ती लागते, जिथे कृष्णवर्णीयांचे मोठे बहुमत आहे. दक्षिणेच्या बाजूला सिसेरो आहे, तिथे दहांतले जवळजवळ नऊ जण लॅटिनो आहेत. या दोहोंना खेटून असलेल्या बारा चौरस किलोमीटरच्या गावात वेगवेगळे समाज इतकी वर्षे एकत्र कसे राहिले? हे आपोआप घडले असेल यावर माझा विश्वास बसत नाही. पुण्यात भाड्याचे घर पाहताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर बदललेला मी ऐकला आहे, त्यामुळे कोण कुठे राहते हे आधी बऱ्याच दारांवर ठरत असते, हे मला ठाऊक आहे. तिथे राहिलेल्या किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
आकडेमोड:

बेरजेचे कोडे सोपे आहे. अमेरिकेच्या जनगणनेत आतापर्यंत दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत. पहिला प्रश्न असा की आपण हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का, आणि दुसरा असा की आपला वंश कोणता. म्हणजे मेक्सिकोहून आलेल्या घराण्यातली व्यक्ती पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणते आणि दुसऱ्या प्रश्नात गोरा, कृष्णवर्णीय, मूलनिवासी, 'इतर कोणताही वंश' यांपैकी काहीही निवडते. ओक पार्कचे ते ७ टक्के लोक वंशाच्या ओळींत आधीच एकदा मोजले गेले आहेत. त्यांना पुन्हा मिळवायचे नसते. एकच बेरीज हवी असेल तर 'हिस्पॅनिक नसलेले गोरे', 'हिस्पॅनिक नसलेले कृष्णवर्णीय' अशी मांडणी असलेला तक्ता घ्यावा, त्यात हिस्पॅनिक हा स्वतंत्र गट असतो आणि बेरीज शंभरच येते. २८ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने हे नियम बदलले, दोन्ही प्रश्न एकत्र केले आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांसाठी स्वतंत्र गट निर्माण केला. त्यामुळे पुढच्या जनगणनेचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून पाहताना आणखी सांभाळावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की गाव बदलले आहे, पण तक्त्यात दिसते तितके नाही. एकापेक्षा जास्त वंश नोंदवण्याची मुभा २००० पासून आहे. २०२० मध्ये प्रश्नाची मांडणी बदलली, वंशाच्या चौकोनाखाली आपले मूळ लिहून देण्यास जास्त जागा दिली आणि लिहिलेला मजकूर पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने वर्गीकृत केला. ज्याने 'गोरा' या चौकोनात खूण करून खाली एखाद्या लॅटिन अमेरिकी देशाचे नाव लिहिले, तो आता अनेकदा दोन वंशांत मोजला गेला. साऱ्या देशात 'दोन किंवा अधिक वंश' हा गट २०१० मध्ये २.९ टक्के होता, तो २०२० मध्ये १०.२ टक्के झाला, आणि फक्त 'गोरा' म्हणून नोंद झालेले ७२.४ वरून ६१.६ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत एवढे लग्नसंबंध आणि एवढे जन्म होत नाहीत. मोजण्याची पट्टी बदलली, हा या फरकाचा मोठा भाग आहे.

आपल्या लोकांनी 'आशियाई' ही ओळ वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्यात चिनी, फिलिपिनो, कोरियन, व्हिएतनामी आणि भारतीय असे सगळेच असतात, त्यामुळे ओक पार्कचे ५ टक्के पाहून तिथे किती भारतीय आहेत हे कळणार नाही, त्यासाठी आतला तपशीलवार तक्ता उघडावा लागतो. आपल्याला कोणत्या रकान्यात घालायचे याबद्दल अमेरिकेचे मत पूर्वी वारंवार बदलले आहे. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत 'हिंदू' हा चक्क एक वंश होता आणि शीख व मुसलमानही त्यातच मोजले जात. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता गोरा ठरत नाही असा निकाल दिला. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत धरले, आणि 'एशियन इंडियन' ही वेगळी नोंद १९८० पासून सुरू झाली. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर शिकागोला आलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनियर १९७० च्या जनगणनेत गोरे होते आणि दहा वर्षांनी आशियाई झाले. त्या काळात त्यांच्या घरी काहीच बदलले नव्हते.

उत्तर २
पश्चिमवेस:

मी १९८९ पासून ओक पार्कमध्ये राहतो. वाटसरू, 'हे आपोआप घडले असेल यावर विश्वास बसत नाही' हे तुमचे वाक्य वाचून मी लिहायला बसलो, कारण ज्या गोष्टीने मला या गावाशी बांधून ठेवले ती नेमकी हीच आहे.

आधी हे ध्यानात घ्या की १९७० मध्ये ६२ हजारांहून अधिक वस्तीच्या या गावात कृष्णवर्णीय रहिवासी दोनशेसुद्धा नव्हते. गाव पूर्वीपासून पूर्णपणे गोरे होते असेही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारपेठेजवळ कृष्णवर्णीयांची एक छोटी वस्ती होती, त्यांचे स्वतःचे चर्च होते. पुढे तिथे दुकाने आली आणि वस्ती विखुरली. एरवी हे गाव वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांची घरे पाहायला येणाऱ्यांचे आणि लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या जन्मस्थानाचे म्हणून ओळखले जाते. पर्यटकांच्या नकाशात डॉ. पर्सी ज्युलियन यांचे घर क्वचितच असते. माझ्या मते ओक पार्क समजून घेण्याची सुरुवात त्या घरापासून करावी.

ज्युलियन कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या काळातले अव्वल दर्जाचे रसायनशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत डॉक्टरेटची वाट अडल्यामुळे त्यांनी व्हिएन्नाला जाऊन १९३१ मध्ये ती पदवी मिळवली. काचबिंदूवर उपयोगी पडणारे फायसोस्टिग्मिन त्यांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले आणि पुढे सोयाबीनमधल्या द्रव्यांपासून संप्रेरके मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वाट मोकळी केली. १९५० मध्ये त्यांनी ईस्ट अव्हेन्यूवर घर घेतले. कुटुंब राहायला येण्याआधीच, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी, त्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. कुटुंब तरीही राहायला आले. जून १९५१ मध्ये मुलांच्या झोपण्याच्या खोलीजवळ डायनामाइट फेकण्यात आले. त्यानंतर डॉक्टर रात्री बंदूक घेऊन अंगणात पहारा देत बसत. हे सर्व ते गावाबाहेर हाकलले जावेत म्हणून चालले होते. ते गेले नाहीत, आणि गावातले बरेच गोरे शेजारी त्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले, हेही तितकेच नोंदवले पाहिजे. आज गावातली एक माध्यमिक शाळा त्यांच्या नावाने आहे. माझी दोन्ही मुले तिथेच शिकली.

त्या डायनामाइटनंतर अवघ्या महिन्याभराने, जुलै १९५१ मध्ये, शेजारच्या सिसेरोत एक कृष्णवर्णीय कुटुंब भाड्याच्या घरात राहायला आले, तर हजारोंचा जमाव त्या इमारतीवर चालून गेला, त्यांचे सामान खिडकीतून खाली फेकून जाळले आणि शेवटी नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याला, बोलवावे लागले. ते कुटुंब तिथे राहू शकले नाही.

हे सारे एखाद्या गल्लीतल्या चार गुंडांचे काम होते असे समजू नका. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि जिथे कृष्णवर्णीय राहतात त्या वस्त्यांना लाल रंग दिला. सरकारी हमी असलेले कर्ज तिकडे जात नसे. अनेक खरेदीखतांत घर कृष्णवर्णीयांना विकू किंवा भाड्याने देऊ नये अशी अट लिहिलेली असे, आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत न्यायालये ती अट अमलात आणत असत. मग दलाल पुढे आले. ते एखाद्या गोऱ्या वस्तीच्या कडेचे एक घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकत, आणि लगेच उरलेल्या घरमालकांना दूरध्वनी करून, पत्रके वाटून सांगत की आता भाव कोसळणार, आजच विका. घाबरलेल्या माणसाचे घर पडत्या भावात घेऊन तेच घर अव्वाच्या सव्वा किमतीला दुसऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांच्या कराराने विकत. त्या कुटुंबाला बँक कर्ज देत नसल्याने दुसरा इलाज नसे, आणि एक हप्ता चुकला तरी घर आणि आधी भरलेले सगळे पैसे हातचे जात. याला तिथे 'ब्लॉकबस्टिंग' म्हणतात. शिकागोच्या पश्चिम भागातल्या वस्त्या एकामागून एक अशा उलटल्या. ऑस्टिन १९६० मध्ये जवळजवळ पूर्ण गोरी होती. १९८० मध्ये तिथले सुमारे तीन-चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय होते. गोरे निघून गेल्यावर दुकाने गेली, बँका गेल्या, आणि मागे राहिलेल्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

ओक पार्कच्या लोकांना हे सारे रस्त्याच्या पलीकडे घडताना दिसत होते. पुढचा क्रमांक आपलाच, असे सगळे धरून चालले होते. अशा वेळी दोन मार्ग सर्वांना माहीत होते, एक सिसेरोचा, म्हणजे दार लावून घेण्याचा, आणि दुसरा ऑस्टिनमधल्या गोऱ्यांचा, म्हणजे पळून जाण्याचा. गावाने तिसरा मार्ग धरला. डॉ. मार्टिन लूथर किंग यांची हत्या होऊन महिनाच झाला होता आणि शिकागोच्या पश्चिम भागात त्यानंतरच्या दंगलीत जळालेली दुकाने तशीच उभी होती. अशा वातावरणात, मे १९६८ मध्ये, ग्रामपंचायतीने (गावाचा दर्जा कायद्याने 'व्हिलेज' असाच आहे, म्हणून मी हाच शब्द वापरतो) वंशावरून घर नाकारण्यास बंदी घालणारा ठराव केला. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड यांनी गृहनिवास केंद्र सुरू केले. त्या याच गावात वाढल्या होत्या आणि गावापुढच्या या आव्हानावरच त्यांनी समाजशास्त्राचा प्रबंध लिहिला होता. केंद्राची पहिली जागा एका चर्चमध्ये होती. काम साधे आणि चिकाटीचे होते. भाड्याने घर शोधायला येणाऱ्या गोऱ्या माणसाला गावाच्या पूर्व भागातली, म्हणजे ऑस्टिनच्या बाजूची, घरे आवर्जून दाखवायची, आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला गावभर सगळीकडची घरे दाखवायची, म्हणजे एखादी इमारत किंवा गल्ली एकाच वंशाची होऊन बसणार नाही.

याच्या जोडीला ग्रामपंचायतीने अनेक उपाय केले. घराबाहेर 'विकणे आहे' अशी पाटी लावण्याला मनाई झाली, कारण एका रांगेत चार पाट्या दिसल्या की पाचवा माणूस घाबरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये न्यू जर्सीतल्या विलिंगबरो या गावाची अशीच मनाई घटनाबाह्य ठरवली, तरीही ओक पार्कमधले दलाल पुढे कित्येक वर्षे आपण होऊन पाट्या लावत नसत. १९७५ मध्ये नवीन ग्रामपंचायत कार्यालय मुद्दाम मॅडिसन रस्त्यावर, पूर्वेकडे, ऑस्टिन बुलेव्हार्डपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बांधले, जेणेकरून गाव आपल्या पूर्व कडेला पाठ दाखवत नाही हे सर्वांना दिसावे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घराच्या किमतीची हमी देणारी योजना आली. पाच वर्षांनंतर घर नोंदवलेल्या किमतीपेक्षा कमी भावात विकावे लागले, तर तोट्याचा मोठा भाग गाव भरून देणार होते. भाव कोसळले नाहीत, म्हणून ती भरपाई देण्याची वेळ आली नाही.

याचा परिणाम तुमच्या तक्त्यात आहे. कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९८० मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास, १९९० मध्ये १८ आणि २००० मध्ये २२ टक्के झाले, पण ऑस्टिनसारखी उलथापालथ झाली नाही. मी स्वतः १९८९ मध्ये घर शोधत होतो, तेव्हा एका दलालाने मला सल्ला दिला होता की रिजलँड अव्हेन्यूच्या पूर्वेला पाहू नका. केंद्रातल्या बाईंनी नेमकी तिकडचीच दोन घरे दाखवली. त्यांतल्या एका इमारतीत आम्ही सहा वर्षे राहिलो. खालच्या मजल्यावर पोस्टात काम करणारे कृष्णवर्णीय आजोबा होते, समोर एक आयरिश वंशाची परिचारिका होती, आणि माझी आई भारतातून आली की त्या आजोबांच्या पत्नी आणि ती दोघी एकमेकींची भाषा न समजता तासभर परसातल्या मिरच्यांबद्दल बोलत बसत.

उत्तर ३
जर्सीकर:

पश्चिमवेस यांनी फार तळमळीने लिहिले आहे. तरीही मला दुसरी बाजू मांडाविशी वाटते. मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहते. २०२० च्या जनगणनेनुसार इथले निम्म्याहून अधिक रहिवासी आशियाई आहेत आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. ओक ट्री रोडवर मला कोथिंबिरीपासून ते मोदकाच्या पिठापर्यंत सर्व काही मिळते, मुलांना मराठी शाळा आहे आणि गणपतीला घर भरलेले असते. असे एका समाजाचे गाव तयार झाले की लोक त्याला लगेच 'विभाजन' म्हणतात, ते मला पटत नाही. आम्हाला कोणी इतर गावांतून हाकलून इथे कोंडले नाही. आम्ही एकमेकांच्या आधाराने राहायला आलो. १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या स्त्रियांच्या कपाळावरच्या कुंकवावरून आम्हाला नावे ठेवणाऱ्या टोळक्याने वर्तमानपत्रात धमकीचे पत्र छापून आणले. त्या काळात ज्यांनी दिवस काढले त्यांना आपल्या माणसांजवळ राहावेसे वाटले, तर त्यात गैर काय? नऊ वर्षांच्या मुलीला नव्या देशात आपली भाषा कानावर पडणे हीसुद्धा गरज आहे. वाटसरू, नेपरव्हिलचा विचार एवढ्यावरून सोडू नका.

उत्तर ४
नगररचना:

जर्सीकर यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचमुळे एक फरक स्पष्ट करावासा वाटतो. ज्याला सर्व दारे उघडी आहेत त्याने आपल्या माणसांजवळ घर घेणे, आणि ज्याला इतर सर्व दारे बंद होती त्याला एका वस्तीत राहावे लागणे, या दोहोंतून तक्त्यावर एकसारखीच टक्केवारी उमटते. एडिसनमधले निम्म्याहून अधिक आशियाई आणि १९८० च्या ऑस्टिनमधले तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर आकड्यांवरून तो फरक कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी कर्जाचे नकाशे आणि खरेदीखते पाहावी लागतात.

ओक पार्कबद्दल मात्र पश्चिमवेस यांनी एक अवघड प्रश्न बाजूला ठेवला आहे, आणि तो विचारला पाहिजे असे मला वाटते. गोऱ्या माणसाला पूर्वेकडे आणि कृष्णवर्णीयाला पश्चिमेकडे जाण्यास सुचवणे, हे वंश पाहूनच दिलेले मार्गदर्शन आहे. दलाल जे वाईट हेतूने करत होते, तेच केंद्र चांगल्या हेतूने करत होते. समर्थकांचे म्हणणे असे की केंद्राने कोणालाही घर नाकारले नाही, फक्त माणूस ज्या भागाकडे स्वतः वळला नसता तोही दाखवला. टीकाकारांचे, आणि त्यांत अनेक कृष्णवर्णीय विचारवंत होते, म्हणणे असे की 'समतोल' राखण्याचा अर्थ शेवटी 'कृष्णवर्णीय फार वाढू नयेत' असाच निघतो, आणि गोरे घाबरू नयेत म्हणून कृष्णवर्णीयांनी आपली निवड का आवरती घ्यावी? १९७० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या प्रमाणाला एका भागापुरती ३० टक्क्यांची मर्यादा घालण्याची सूचना गावात पुढे आली होती. ती मंजूर झाली नाही हे गावाचे भाग्य, पण ती मांडली गेली यावरून त्या विचारांची वाट कुठवर जाऊ शकत होती हे दिसते. ऑस्टिन बुलेव्हार्डकडे जाणाऱ्या काही रस्त्यांची तोंडे बंद करून तिथे वाहनांना अडथळे केले, ते रहदारीसाठी असे सांगितले गेले. पलीकडे राहणाऱ्यांना त्यातून कोणता संदेश मिळाला असेल याचाही विचार करावा.

माझे मत विचाराल तर मी या प्रयोगाच्या बाजूचा आहे. काहीही केले नसते तर बाजाराने आणि भीतीने निवड केलीच असती, आणि तिचा भार कृष्णवर्णीय कुटुंबांवरच पडला असता. पण त्या प्रयोगाची किंमत सर्वांनी सारखी मोजली असे म्हणता येणार नाही. आणि एक आकडा सर्वांनी पाहावा. २००० मध्ये २२ टक्क्यांच्या वर असलेले कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०२० मध्ये २० टक्क्यांच्या खाली आले आहे. काही भाग आकडेमोड यांनी सांगितलेल्या मोजणीच्या बदलाचा असेल, पण घरांच्या किमती आणि मालमत्ता कर इतके वाढले आहेत की सत्तरच्या दशकात ज्या पोस्टातल्या कर्मचाऱ्याला इथे राहता येत होते त्याला आज ते जमणे कठीण आहे. वंशावरून दार बंद करणे थांबवता आले. पैशाने बंद होणाऱ्या दारावर त्या काळातल्या ठरावांत उपाय नव्हता.

वाटसरू:

सर्वांचे मनापासून आभार. जर्सीकर, तुमचे म्हणणे मी डोक्यात ठेवले आहे, मुलीच्या मराठीची काळजी मलाही आहे. पश्चिमवेस, नगररचना यांनी लिहिलेले वाचून एक विचारावेसे वाटते. एकाच गावात राहणारी मुले शाळेच्या वर्गातही एकत्र बसतात का? आणि गावाची सरासरी सोडून, आपण ज्या गल्लीत घर घेऊ तिथली माहिती कुठून मिळेल?

पश्चिमवेस:

नगररचना यांनी विचारलेला प्रश्न मी टाळायला नको होता, तो योग्यच आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनीही तो एकदा मला विचारला होता. केंद्राने त्यांना गावाच्या पश्चिमेकडची तीन घरे दाखवली होती आणि त्यांना मात्र बहिणीच्या जवळ, ऑस्टिनच्या बाजूला राहायचे होते. त्यांनी शेवटी आपल्या मनासारखेच घर घेतले. मी त्या वेळी केंद्राची बाजू घेऊन बोललो होतो. आज बोलण्याआधी त्यांचे अधिक ऐकले असते.

शाळेबद्दल खरे ते सांगतो. प्राथमिक शाळेत मुले एकत्र असतात, डबा एकत्र खातात, वाढदिवसांना एकमेकांच्या घरी जातात. गावाला आणि शेजारच्या रिव्हर फॉरेस्टला मिळून एकच सरकारी हायस्कूल आहे, तिथे मात्र वर्षानुवर्षे असे होत आले की वरच्या पातळीच्या वर्गांत बहुतांश गोरी मुले आणि साध्या पातळीच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुले जास्त. इमारत एक आणि वर्ग दोन. माझ्या धाकट्या मुलाचा प्राथमिक शाळेपासूनचा जिवलग मित्र कृष्णवर्णीय होता. नववीत दोघांची वेळापत्रके वेगळी झाली आणि दोन वर्षांत मैत्री नुसत्या हात हलवण्यावर आली. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी यावर कित्येक वर्षे भांडून, २०२२ पासून नववीच्या अनेक विषयांत ही विभागणी काढून सर्वांना एकाच वर्गात शिकवायला सुरुवात झाली आहे. त्यावरही गावात तीव्र मतभेद आहेत. तुमची मुलगी त्या वयाची होईपर्यंत याचे काय होते ते कळेल, पण शाळेच्या सभांना तुम्ही जावे असे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण आशियाई पालक तिथे फार कमी बोलतात.

गल्लीच्या आकड्यांचे आकडेमोड अधिक नीट सांगतील.

आकडेमोड:

गावाच्या खालोखाल 'सेन्सस ट्रॅक्ट' नावाचे विभाग असतात, साधारण चार हजार लोकवस्तीचे. ओक पार्कची पूर्व आणि पश्चिम बाजू वेगळी पाहायची असेल तर त्यांचे तक्ते घ्या, ते विश्वासार्ह आहेत. त्याहून खाली एकेका 'ब्लॉक'चे, म्हणजे चारी बाजूंच्या रस्त्यांमधल्या तुकड्याचे, आकडेही प्रसिद्ध होतात, परंतु २०२० मध्ये लोकांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्या पातळीवरच्या आकड्यांत मुद्दाम थोडे फेरफार केलेले आहेत, म्हणून एखाद्या गल्लीत अमुक इतकेच आशियाई आहेत असा निष्कर्ष त्यांवरून काढू नका. घरी कोणती भाषा बोलतात याची माहिती दहा वर्षांच्या जनगणनेत नसते. ती वेगळ्या नमुना पाहणीतून येते आणि लहान गावांसाठी पाच वर्षांची सरासरी देतात. मराठी बोलणाऱ्यांसारख्या छोट्या गटाबाबत त्यातली चुकीची शक्यता मूळ आकड्याएवढीच मोठी असू शकते. तक्त्यात शून्य दिसले तरी गावात मराठी घर नाही असे समजू नका.

पश्चिमवेस:

शून्य नक्कीच नाही, निदान एक घर आमचे आहे. वाटसरू, तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा घर ठरवण्याआधी एक दिवस माझ्याकडे काढा. शिकागोच्या मध्यभागातून ग्रीन लाइनच्या गाडीत बसा आणि खिडकीजवळची जागा घ्या. पश्चिम भागातली मोकळी पडलेली भूखंडे, मग ऑस्टिनची घरे आणि नंतर ओक पार्क, असा सारा प्रवास अर्ध्या तासात डोळ्यांसमोरून जाईल. ऑस्टिन स्थानकावर उतरा, मी तिथे येतो. आधी रस्त्याच्या पूर्वेला चालू, मग पश्चिमेला, आणि शेवटी ईस्ट अव्हेन्यूवर डॉ. ज्युलियन यांच्या घरासमोरून आमच्याकडे जेवायला येऊ. मुलीलाही आणा.